तुझं नाव कमी करायचंय म्हणे

मंदा, आज सकाळपासून तीन वेळा कुंडलिकेच्या पुलापर्यंत जाऊन आलो. काम काहीच नव्हतं. घरात आलो की टीव्ही लावतो. खालच्या पट्टीत आकडे पळत असतात, सगळे लाल. दोन मिनिटं बघतो, बंद करतो, चपला घालतो आणि पुन्हा निघतो. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बसा हो एका जागी. तुमच्या चालण्याने बाजार थोडाच वर जाऊन राह्यला."

तुला जाऊन दीड महिना झाला. पोळ्याच्या आदल्या दिवशी गेलीस. त्या दिवसाबद्दल मला लिहायचं नाही. मला लिहायचंय ते आपल्या एका भांडणाबद्दल. ते अर्धवट राहिलं, आणि तू बोलायची थांबलीस म्हणून मी जिंकलो असं काही वाटत नाही.

कालपर्यंत विनोद पुण्याहून रोज फोन करत होता. "बाबा, विकून टाका. अजून खाली जाणारे. आईची इतक्या वर्षांची मेहनत डोळ्यांदेखत चाललीय." मी म्हणायचो, बघतो. पोराला खरं कारण सांगत नव्हतो. खरं कारण हे की विकायचं म्हटलं तरी मला विकता येत नव्हतं. सगळ्या शेअर्सवर तुझं नाव पहिलं आणि माझं दुसरं. आधी तुझं नाव कमी करावं लागतं. त्यासाठी एक छापील अर्जच असतो. तुझा ब्रोकर संतोषभाऊ तेराव्यानंतर तो अर्ज स्वतः घरी घेऊन आला. सह्या कुठे करायच्या तिथे पेन्सिलीने फुल्या मारून दिल्या त्याने. तेव्हापासून अर्ज तुझ्या निळ्या फाइलीत वरच पडून होता. ती फाइल काखेत मारून मी दोनदा त्याच्या ऑफिसच्या जिन्यापर्यंत गेलो आणि दोन्ही वेळा परत आलो.

तुझं नाव पहिलं कसं लागलं, आठवतं? एक्क्याऐंशीत आपलं लग्न झालं आणि त्याच वर्षी तू सराफ्याजवळच्या टॅक्सच्या वकीलसाहेबांकडे टायपिस्ट म्हणून लागलीस. कुंभार पिंपळगावच्या शेतकऱ्याची मॅट्रिक झालेली मुलगी. मी बियाण्याच्या कंपनीत गोदामावर होतो. वकीलसाहेबांच्या घराण्याला राजस्थानातून जालन्यात येऊन तीन पिढ्या झालेल्या. त्यांच्याकडे मुंबईच्या कंपन्यांच्या शेअर्सचे अर्ज गठ्ठ्याने यायचे. व्यापारी मंडळी येऊन भरायची आणि अर्ज टाइप करायचीस तू. दोन-तीन वर्षं नुसतं टाइप केलंस, एकही अर्ज स्वतःसाठी भरला नाहीस.

मग ते तिथल्या मुनीमजींचं झालं. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस. हात थरथरायचे, आकडे रेघेच्या बाहेर जायचे, तरी रोज दहाला हजर. एका दिवाळीनंतर वकीलसाहेबांनी त्यांना नवं धोतर दिलं, मिठाईचा पुडा दिला आणि सांगितलं, "मुनीमजी, आता आराम करा." आराम करायला मुनीमजींकडे काही नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशीही आले, आणि बाहेरच्या बाकड्यावर बसून राहिले. चौथ्या दिवशी त्यांना तू तुझ्या डब्यातली भाकरी दिलीस. संध्याकाळी घरी आल्यावर तू कणीक मळता मळता म्हणालीस, "आपल्याला पेन्शन न्हाई. तुमच्या कंपनीत न्हाई, माझ्या साहेबाकडं न्हाई. तुम्ही कधी विचार केला का?"

मी म्हटलं, "मुलगा आहे की."

"मुनीमजींना तीन आहेत," तू म्हणालीस.

त्याच सुमारास विनोदच्या जावळाला तुझ्या वडिलांनी सोन्यासाठी म्हणून पैसे दिले. तू सोनाराकडे गेलीच नाहीस, दोन अर्ज भरून आलीस. माझी आई आठवडाभर तुझ्याशी बोलली नाही. "लेकाच्या जावळाला कागद आणले," असं गल्लीत सांगत फिरली. अर्जावर सही करायला तू कागद माझ्यापुढे ठेवलास. बघतो तर पहिला अर्जदार तू आणि दुसरा मी. मी म्हटलं, माझं नाव आधी नको का? तू शांतपणे विचारलंस, "अर्ज कोणी भरला?" मी सही केली. आता तेच नाव कमी करायला सांगतात.

वकीलसाहेब तुझी चेष्टा करायचे. "नाम मंदा, और बैठी है तेजी के इंतजार में." तू हसायचीस. एकदा मात्र त्यांना म्हणालीस, "साहेब, मी तेजीची वाट न्हाई बघत. मी म्हातारपणाची वाट बघून राह्यले." ही गोष्ट ते तेराव्याला आले तेव्हा मला सांगत होते. त्यांचेच डोळे भरून आले.

ब्याण्णवचं मीच काढतो, तू कधी काढलं नाहीस. तेव्हा जालन्यात पानवाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळे शेअर्सचं बोलत होते. गोदामातल्या एका दोस्ताने सांगितलं, अमुक कंपनीचे घे, सहा महिन्यांत तिप्पट. मी सोसायटीचं कर्ज काढलं आणि तुला न विचारता घेतले. आयुष्यात पहिल्यांदा पहिलं नाव माझं लावलं. दोन महिन्यांत सगळा बाजार कोसळला. बाकीचे शेअर्स हळूहळू वर आले, माझी कंपनी मात्र बंदच पडली. तुला सांगायला मला पंधरा दिवस लागले. तुझ्यासमोर सर्टिफिकेट ठेवलं आणि शिव्या खायची तयारी करून बसलो. तू ते उलटंसुलटं करून बघितलंस आणि म्हणालीस, "नाव चांगलं छापलंय तुमचं." बस. सोसायटीचा हप्ता वर्षभर तुझ्या पगारातून गेला. सोळा वर्षांत एकदाही, अगदी रागाच्या भरातही, तू ते तोंडाबाहेर काढलं नाहीस. तुझ्या जागी मी असतो तर दर महिन्याला काढलं असतं.

राग येतो तो वेगळ्याच गोष्टींचा. आपण कूलर घेतला तो दोन हजार तीनमध्ये. जालन्याच्या उन्हाळ्यात एकवीस वर्षं आपण ओली चादर खिडकीला लावून काढली. तुला विचारलं की ठरलेलं उत्तर, "दर महिन्याचे आधी बाजूला जाऊ द्या. उरले तर बघू." ते कधी उरायचे नाहीत, कारण पगार वाढला की तू बाजूला काढायचे पैसेही वाढवायचीस. बाजार वर असो की खाली, महिन्याच्या पाच तारखेला पैसे गेलेच पाहिजेत. मी म्हणायचो, आज महाग आहे, थांब. तू म्हणायचीस, "महाग का सस्त हे मला कळत न्हाई, तुम्हाला कळत न्हाई. पाच तारीख दोघांना कळते."

आणि तुझा दुसरा नियम. विनोदच्या इंजिनिअरिंगचे पैसे तू दोन वर्षं आधीच, बाजार चढता असताना काढून बँकेत ठेवलेस. लोक हसले. संतोषभाऊसुद्धा म्हणाला, ताई, अजून वर जाईल. तू म्हणालीस, "जाऊ द्या. फीची तारीख मला माहीत आहे. तारीख माहीत असलेला पैसा तिथं ठेवायचा न्हाई." विनोद दुसऱ्या वर्षाला होता तेव्हा बाजार आपटला. त्याच्या वर्गातल्या एका मुलाला शिक्षण सोडून गावी जावं लागलं. आपल्या विनोदची फी वेळेवर गेली. त्या वेळी तुला चांगलं केलंस असंसुद्धा मी म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं.

राजूरचं आठवलं की मात्र हसू येतं. दोन हजार चारचा मे. निवडणुकीचा निकाल लागला आणि पुढच्या सोमवारी बाजार असा पडला की मध्येच व्यवहार बंद केले म्हणे. मला गोदामात कळलं. तू शेजारच्या बाळाच्या जावळाला राजूरच्या गणपतीला गेल्तीस. मी अर्धी रजा टाकली, काळी-पिवळी जीप धरली आणि घामाघूम होऊन देवळात पोचलो. तू मागच्या मंडपात बायकांमध्ये बसून पानं वाढत होतीस. तुला बाजूला घेतलं आणि सांगितलं.

तू विचारलंस, "आपल्याला आज विकायचंय का?"

"न्हाई."

"उद्या?"

"न्हाई."

"मंग आज पडलं काय अन् न्हाई पडलं काय. आलेच आहात तर जेवून घ्या. अन् तोंडावरून हात फिरवा, लोकांना वाटन कोणी मेलं."

मी बसलो आणि पोटभर जेवलो. वर्षभरात सगळं वर आलं. संतोषभाऊने ही गोष्ट त्याच्या निम्म्या गिऱ्हाइकांना सांगितली असेल.

आता ते भांडण. या वर्षीचा जानेवारी. सगळीकडे आकडे चढलेले होते आणि मार्चअखेर माझी नोकरी संपणार होती. एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी म्हटलं, "मंदा, आता काढ. सगळं नको, थोडं तरी काढ. तीन महिन्यांनी पगार बंद होणार." तू म्हणालीस, "मार्चला बघू. अजून चढून राह्यलं." मला नवल वाटलं. तारखेचा नियम तुझाच आणि या खेपेला तारीख माझ्या निवृत्तीची. पण मी ते बोललो नाही. संक्रांत झाली आणि आठवड्यात बाजार घसरला. दोन दिवसांत किती गेलं ते बघून माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "तुझा माणसांपेक्षा कागदांवर जीव जास्त आहे. कूलर न्हाई, फिरणं न्हाई, जन्मभर नुसती वाट बघायला लावली. माझं म्हातारपण तू कधी येऊच देणार न्हाईस."

तू भाजी निवडत होतीस. हात थांबला, पण तू वर बघितलं नाहीस. आपण दहा-बारा दिवस कामापुरतं बोललो. फेब्रुवारीत एकदा तू माझ्यापुढे कागद ठेवलेस आणि म्हणालीस, "इथं सह्या करा." मी घुश्शात होतो. काय आहे ते न बघता सह्या केल्या आणि पेन टेबलावर टाकलं. पुढे आपण पुन्हा नीट बोलायला लागलो, चहा-पाणी, येणं-जाणं सगळं सुरळीत झालं. पण ते वाक्य मी मागे घेतलं नाही. घेऊ, कधीतरी घेऊ, असं वाटत राहिलं.

मे महिन्यात तू जिन्यात मध्येच थांबायला लागलीस. विचारलं की म्हणायचीस, गुडघे. मला आता बसू देत नाही तो हा विचार. आपण जास्त दिवस नाही हे तुला कळलं होतं का? कळून तू गप्प राहिलीस का? डॉक्टरचा खर्चा नको म्हणून? माझ्या त्या वाक्यामुळे? पुलापर्यंत जातो ते याच प्रश्नापासून लांब जायला, आणि तो माझ्या आधी तिथे पोचलेला असतो.

काल दुपारी मी संतोषभाऊकडे गेलो. या वेळी जिना चढलो. ऑफिसात चार माणसं भिंतीवरच्या टीव्हीकडे बघत बसली होती. त्याने मला आत नेलं आणि पाणी दिलं.

"विनोद विका म्हणून राह्यला," मी सांगितलं. "काय करू? नोकरी गेली, पगार बंद. महिन्याचा खर्चा कुठून करू?"

तो म्हणाला, "भाऊ, खर्च्याची तुम्हाला का फिकर? ताईंनी बाजूला काढून ठेवला ना."

"कुठं?"

"तुम्ही सह्या केल्या की फेब्रुवारीत. अन् ही फाइल काखेत घेऊन फिरून राह्यले, उघडली न्हाई का एकदा तरी?"

त्याने फाइल उघडली आणि शेवटच्या कप्प्यातून बँकेच्या ठेवींच्या पावत्या काढल्या. तीन पावत्या, तीन वर्षांच्या खर्चाच्या. दोघांच्या नावावर, दोघांपैकी कोणालाही काढता येतील अशा. तिन्हींवर मागच्या बाजूला माझी सही होती.

"तेव्हा बाजार आधीच घसरला होता," संतोषभाऊ म्हणाला. "मी म्हटलं, ताई, तुम्ही कधी पडत्यात विकत न्हाई, आज का? तर म्हणाल्या, चूक माझी झाली. यांची मार्चची तारीख मला माहीत होती, दिवाळीतच काढायला पाहिजे होते. मलाच लालच झाली. हे बराबर बोलत होते अन् मी ऐकलं न्हाई." त्याने पावत्या माझ्या हातात दिल्या. "मंग म्हणाल्या, बाजार पडला की यांना घरात बसवत न्हाई, रस्त्याने फिरत राहतात. तीन वर्षं तरी यांना टीव्हीकडं बघायची गरज पडू नये."

मंदा, जानेवारीपासून मला हेच ऐकायचं होतं, की मी बरोबर होतो. ऐकलं. एवढंसुद्धा बरं वाटलं नाही. तू हे त्याला सांगितलंस, मला नाही. आणि मीही माझं वाक्य तुझ्याजवळ मागे घेतलं नाही. एकाच घरात, एका टेबलावर, सात महिने आपण दोघं ओठांवर तेच घेऊन जेवत होतो.

पावत्यांच्या मागे टाचणीने एक कागद लावलेला होता. तुझं अक्षर. तीन वर्षांचा खर्च कसा लागेल त्याची यादी. मी ती बोट ठेवून एकेक ओळ वाचायला घेतली, कारण तुला कळलं होतं का याचं उत्तर इथेच मिळणार होतं. कळलं असेल तर ही यादी एका माणसाची असणार.

दूध दोन वेळा, एक लिटर. माझा चष्मा. गुडघ्याचे पट्टे, दोन. साड्या, वर्षाला तीन. विनोदकडे जाणं-येणं, दोन तिकिटं. माझे ब्लाउज शिलाई. यांचे दात.

तू स्वतःला धरलं होतंस. दोन हजार अकरापर्यंत, ब्लाउजच्या शिलाईसकट. फेब्रुवारीत तरी तुला काही कळलेलं नव्हतं. तू माझ्या एकट्यासाठी आवराआवर करून गेली नाहीस. तू इथेच राहणार होतीस, चहा पिणार होतीस आणि मला एका जागी बसा म्हणणार होतीस. मला रडू आलं. संतोषभाऊ उठून बाहेर गेला आणि टीव्हीचा आवाज बंद करून आला.

मग मी अर्ज काढला. मृत्यूचा दाखला जोडला. पेन्सिलीच्या चार फुल्या होत्या, चारही ठिकाणी सह्या केल्या. तुझं नाव कमी झालं. वाटलं होतं तसं सही करताना काही झालं नाही. कागदावरून गेलं एवढंच.

"विकायचंय काही?" संतोषभाऊने विचारलं.

"तीन वर्षं न्हाई," मी म्हटलं. रात्री विनोदलाही तेच सांगितलं. तो म्हणाला, "आईच बोलून राह्यली असं वाटलं." मी त्याला यादी वाचून दाखवली नाही. ती तेवढी माझ्याकडे राहू दे.

दोघांचे तीन वर्षांचे पैसे एकट्याला चार-पाच वर्षं पुरतील. तुझ्या वाट्याचे दिवस आता माझ्याकडे आले. त्यांचं काय करायचं ते काही यादीत नाही. मला माहीत नाही, मंदा. आज सकाळी पुन्हा फिरलोच, तीन वेळा. सवय अशी जात नाही. पण तिसऱ्या खेपेला पुलावरून घरी न वळता बाजारातल्या दातांच्या डॉक्टरकडे गेलो.

तरुण मुलगी आहे डॉक्टर. तिने तोंडात आरसा घालून बघितलं आणि विचारलं, "काका, किती वर्षांपासून एकाच बाजूने चावताय तुम्ही?"

म्हटलं, "माझ्या लक्षात न्हाई आलं कधी. बायकोच्या आल्तं."

तिने कागदावर खर्चाचा आकडा लिहून माझ्यापुढे सरकवला. चार-पाच फेऱ्या होतील म्हणाली. "रक्कम मोठी आहे, काका. घाई न्हाई. घरी विचारून या, मंग ठरवू."

"घरी ठरलेलंच आहे," मी म्हटलं. "तुम्ही सुरू करा."